दगडी पाल्याची साक्ष

पावसाचे ढग सह्याद्रीवर उतरू लागले की चांदणी चौक ओलांडून मुळशी आणि ताम्हिणीच्या दिशेने पुणेकरांच्या गाड्यांची रांग लागते. या गर्दीतले एखादे मूल शेवाळलेल्या दगडावरून घसरते, त्याचा गुडघा फुटतो आणि सोबतची आजी रस्त्याकडेचा दगडी पाला खुडून, तळहातावर चुरडून त्याचा रस जखमेवर पिळते. थोड्या वेळात रक्त थांबते. आजीच्या या कृतीमागे अनेक पिढ्यांचा अनुभव उभा असतो आणि ‘हे आपले पूर्वापार ज्ञान’ असे आपण अभिमानाने म्हणतो.

हा अभिमान योग्यच आहे; पण त्याची एक बाजू आपल्याला ठाऊक नसते. दगडी पाला मूळचा मध्य अमेरिकेतला. कोलंबसानंतर जगाचे सागरी मार्ग जोडले गेले आणि जहाजांतून जे बी-बियाणे कळत नकळत खंडोखंडी पसरले, त्यात हे इवलेसे पिवळे-पांढरे फूलही होते. चरक-सुश्रुतांनी ते पाहिले असणे शक्यच नाही. विशेष म्हणजे तिकडे ग्वाटेमालातील खेडुतही त्वचेच्या व्रणांवर हीच वनस्पती वापरत आले आहेत. समुद्राच्या दोन टोकांना, परस्परांची भाषा न जाणणाऱ्या दोन समाजांच्या हाती एकाच पाल्याचा एकाच प्रकारचा गुण लागला.

मग हे ज्ञान आपले नव्हे काय? निश्चितच आपले आहे. वनस्पती परकी असली तरी तिची पारख येथल्या माणसाने येथल्या मातीत केली. मिरची, काजू, पेरू, सीताफळ यांनाही आपण असेच घरचे करून घेतले. आलेले पारखून स्वीकारणे हे जिवंत संस्कृतीचे लक्षण आहे. खेद आहे तो इतकाच की, ज्याने हा पाला आपल्याकडे प्रथम जखमेवर लावून पाहिला, त्याचे नाव कोणीही टिपून ठेवले नाही.

नाव टिपल्याने काय होते, याचे उत्तर इतिहासात आहे. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मलबारातील सातशेहून अधिक वनस्पती आणि त्यांचे औषधी उपयोग त्यात आहेत. ग्रंथाचा कर्ता डच अधिकारी व्हान र्‍हीड. परंतु ज्ञान दिले ते इट्टी अच्युतन या केरळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी विद्वानांनी. या तिघांचे १६७५ सालचे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र ग्रंथात नागरी लिपीत छापलेले आहे. राज्य परक्यांचे होते, व्यापार परक्यांचा होता. तरीही ज्ञान कोणाचे, हे साडेतीनशे वर्षांनंतर निर्विवाद सांगता येते. कारण नावे लिहिलेली आहेत.

हळदीच्या लढ्यानेही तेच शिकविले. हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. जे प्रत्येक माजघराला ठाऊक, ते ‘नवे संशोधन’ ठरले! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय मिळाला तो संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतील बत्तीस लेखी संदर्भांच्या बळावर. यातूनच २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहू लागले. तथापि या ग्रंथालयाचा पाया प्रामुख्याने ग्रंथांतील ज्ञानाचा आहे. जे कधी ग्रंथात आलेच नाही, त्याचे काय?

हा प्रश्न आपल्याला पुन्हा मुळशीच्या डोंगरात आणून सोडतो. पहिल्या पावसात येथे शेवळ उगवते. ते तसेच शिजवले तर घसा खाजतो. त्यात काकडाची आंबट फळे घातली की खाज मोडते. ही जोडी कातकरी आणि ठाकर माउलींना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. कुड्याची साल कधी काढावी, कोणता कंद किती ठेवून खणावा, हे तेथला म्हातारा वैदू जाणतो. यातील किती तरी गोष्टी केवळ त्याच्या स्मरणात आहेत. त्याचा नातू मात्र हिंजवडीच्या बांधकामांवर मजुरीला जातो. टेकड्यांना शेतघरांची कुंपणे पडत आहेत. वैदू गेला की त्याच्याबरोबर एक न लिहिलेला ग्रंथ जातो, आणि त्याची कोठे बातमीही होत नाही.

ज्ञान आणि रान यांचा संबंध जाणणारा माणूस बाजूला पडला की काय होते, हे नरक्याने दाखविले आहे. चीनमधील एका वृक्षाच्या सालीतून १९६६ साली अमेरिकेत कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे करण्यात आले. त्या संशोधनातील मन्रो वॉल यांचे सहकारी डॉ. मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारचे सुपुत्र. १९७२ साली टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्यात आढळले. दुर्गंधी फुलांमुळे उपेक्षित राहिलेला वृक्ष एकाएकी मोलाचा झाला. १९९६ साली या द्रव्यापासून तयार केलेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. जगभरच्या रुग्णांना त्यांचा आधार झाला, याचा आनंदच आहे. पण सह्याद्रीत मात्र कुऱ्हाडी चालल्या. चोरट्या तोडीने कित्येक ठिकाणचा नरक्या संपत आला. नफा दूर गेला. तोडणाऱ्याच्या हाती रोजंदारी आणि प्रसंगी वनगुन्ह्याचा खटला उरला.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. केरळातील काणी वनवासींनी आरोग्यपच्चा या वनस्पतीचा शक्तिवर्धक गुण १९८७ साली शास्त्रज्ञांना दाखविला. त्यातून ‘जीवनी’ हे औषध सिद्ध झाले आणि परवाना शुल्क व स्वामित्वधनाचा अर्धा वाटा काणी समाजाला देण्याचे ठरले. त्या व्यवहारात अडचणी आल्याच; पण ज्ञान देणाऱ्याला देणेकरी मानण्याची रीत त्याने घालून दिली.

कायदा आपल्याकडे आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समिती आणि लोक-जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिल्यावर देशभर घाईघाईने नोंदवह्या भरल्या गेल्या. गावात न फिरता भरलेली नोंदवही कपाट भरते, परंपरा राखत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञानाच्या वापरास लाभवाटणीतून सूट दिली. म्हणूनच मौखिक ज्ञान कोणाचे, याची स्वतंत्र व सच्ची नोंद अधिकच निकडीची झाली आहे. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे जगातील राष्ट्रांनी पेटंट मागताना वनसंपदेचे व पारंपरिक ज्ञानाचे मूळ उघड करण्याचे बंधन घालणारा करार स्वीकारला. मूळ सांगा, असे जग म्हणू लागले असताना आपल्या गावाची वही कोरी असेल, तर दोष कोणाला द्यावा?

हे काम केवळ सरकारचे नाही. सहलीला, वनविहाराला मुळशीत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, निवृत्त वनस्पतीशास्त्रज्ञांनी वस्तीवर बसावे, ऐकावे. मात्र दोन पथ्ये पाळावीत. सांगणाऱ्याच्या संमतीवाचून एक अक्षरही लिहू नये आणि लिहिलेले ग्रामसभेच्या ताब्यात असावे. दुर्मीळ वनस्पतीचे ठिकाण जाहीर करणारी वही ही तस्कराच्या हाती दिलेला नकाशाच होय. नावाचा मान सांगणाऱ्याचा, अधिकार गावाचा आणि कष्ट आपले, अशी ही विभागणी असावी.

मुळशीला न विचारता घेतले जाण्याचा अनुभव नवा नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी मुंबईच्या विजेसाठी त्यांची भातखाचरे धरणाखाली गेलीच. जमीन बुडाली, डोंगरावरचे ज्ञान अजून बुडालेले नाही. ते जगाला अवश्य द्यावे. दगडी पाला आपल्याला कोणी मोजून दिला नव्हता. आपणही हात आखडता घेण्याचे कारण नाही. पण देताना देणाऱ्याचे नाव सोबत जावे. या पावसाळ्यात मुळशीला जाल, तेव्हा एक वही बरोबर न्या आणि आधी त्या म्हाताऱ्या वैदूला नमस्कार करा.