केस उगवत नाहीत, फक्त जागा बदलतात



आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. कोणाचं मन दुखावलं तर आधीच मिच्छामि दुक्कडम्. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

विषय आहे हेअर ट्रान्सप्लांटचा. घर आणि धर्म यांच्या लिखाणात हे कुठून आलं असं वाटेल. पण हा विषय आता आपल्या घरातच आला आहे. पूर्वी मुलाचं लग्न काढायचं म्हटलं की घराला रंग द्यायचे, आता मुलाचं डोकं दुरुस्त करतात. कापड बाजारापासून सावेडीपर्यंत कुठेही चार बायका बसल्या की एक जण हळूच सांगते, "आमच्या लेकाचं पुण्याला करून घेतलं, सगाईच्या आधी." दुसरी लगेच विचारते, "किती ग्राफ्ट?" जणू किती तोळे!

आणि प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये एखाद्या नटाचा किंवा क्रिकेटपटूचा फोटो असतो. आधी विरळ, नंतर दाट. "असंच होणार म्हणालेत." माझा राग आहे तो या "असंच"वर. शस्त्रक्रियेवर नाही. जाणकार डॉक्टरने, योग्य माणसावर, योग्य वयात केली तर तिचा उपयोग होतो, हे मान्य. पण नटाचं डोकं दाखवून दुकानदाराच्या मुलाला विकणं हा खोटा हिशोब आहे, आणि तो खोटा आहे हे आपण आयांनी ओळखायला हवं.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण घराचा जमाखर्च आजही मीच लिहिते. त्या भाषेत सांगते. गल्ल्यातले पैसे बँकेत भरले तर वहीत नोंद होते, पण आपली एकूण रक्कम एका रुपयानेही वाढत नाही. हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे नेमकी हीच नोंद. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातले केस मुळासकट काढायचे आणि पुढे लावायचे. नवा एकही केस तयार होत नाही. जागा बदलते, एवढंच.

मागचेच केस का? कारण पुरुषांचं नेहमीचं टक्कल ज्या हार्मोनमुळे पडतं, त्याचा परिणाम मागच्या पट्ट्यातल्या मुळांवर फारसा होत नाही. ती मुळं पुढे लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये हे मांडलं आणि सगळा व्यवसाय त्यावर उभा राहिला.

आता भांडवल किती ते पाहा. केस एकेकटे नाही, एक ते चार केसांच्या झुबक्यांत उगवतात. एक झुबका म्हणजे एक ग्राफ्ट. निरोगी डोक्यावर एका चौरस सेंटीमीटरमध्ये साधारण ७० झुबके धरा. टक्कल बरंच पुढे गेलेलं असेल तर उघडी जागा सुमारे २०० चौरस सेंटीमीटर भरते. पूर्वीसारखं दाट करायचं तर १४,००० ग्राफ्ट हवेत. आणि मागचा भाग उघडा न पाडता साधारण माणसाकडून आयुष्यभरात मिळून काढता येतात ५ ते ६ हजार. म्हणजे गरजेच्या निम्मेसुद्धा नाहीत. चांगला डॉक्टर तेवढ्यातच अशी मांडणी करतो की समोरून डोकं भरलेलं दिसावं. ते कौशल्य आहे. पण "पूर्वीसारखं" हा शब्द जो वापरतो, त्याला एक तर गणित येत नाही किंवा तो तुम्हाला येत नाही असं धरून चालला आहे.

मग नटांचं कसं जमतं? एक तर कॅमेऱ्यासमोर जे दिसतं ते सगळं डोक्यातून उगवलेलं असतंच असं नाही. विग असतो, पॅच असतो, टाळू झाकायला केसांसारखी भुकटी असते, प्रकाश लावणारा असतो, प्रत्येक शॉटच्या आधी केस बसवणारा माणूस असतो. आपला मुलगा मार्केट यार्डात उन्हात उभा राहतो, घाम पुसतो, हेल्मेट घालून घरी येतो. दुसरं म्हणजे हे लोक एकदाच करून थांबत नाहीत. इंग्लंडचा फुटबॉलपटू वेन रूनी याने २०११ साली, २५ व्या वर्षी, ट्रान्सप्लांट केल्याचं स्वतः जाहीर केलं. त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. पण दोनच वर्षांत त्याने पुन्हा केल्याच्या बातम्या आल्या. इतका पैसा, इतके मोठे डॉक्टर, तरी दुसरी फेरी! कारण लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत.

ही गोष्ट विशीतल्या मुलांच्या आयांनी नीट समजून घ्यावी. पंचविसाव्या वर्षी टक्कल कुठपर्यंत जाणार हे कोणालाच पक्कं सांगता येत नाही. तेव्हाच कपाळावर खाली, कोवळी केशरेषा आखून सगळं भांडवल तिथे ओतलं, तर चाळिशीत पुढे केसांची एक पट्टी, मागे मोकळं मैदान आणि शिल्लक शून्य. म्हणून बरेच जाणते डॉक्टर एवढ्या लहान मुलांना आधी औषधं देऊन थांबायला सांगतात. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधं गळणं कमी करतात, पण ती त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने, दुष्परिणाम विचारूनच घ्यायची, आणि बंद केली की त्यांचा फायदाही ओसरतो. ट्रान्सप्लांट केलं तरी बहुतेकांना ती चालू ठेवावी लागतात. हा खर्च पॅकेजच्या पाटीवर लिहिलेला नसतो. आणि मैत्रिणींनो, आपलं माक्याचं तेलही गेलेले केस परत आणत नाही. खोटी आशा घरची असली तरी खोटीच.

आता जिवाचं बोलू. मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच वेळी सुमारे ९,५०० ग्राफ्ट लावून घेतले. त्यानंतर दोन दिवसांत तो गेला. औषधाची तीव्र ॲलर्जी झाली असावी असा डॉक्टरांचा अंदाज तेव्हा छापून आला होता. मार्च २०२५ मध्ये कानपूरला एक अभियंता ट्रान्सप्लांटनंतर दगावला आणि दंतवैद्यकाची पदवी असलेल्या व्यक्तीवर गुन्हा दाखल झाला. अशा घटना थोड्या आहेत, हे खरं. पण सुन्न करण्याच्या औषधाला माणसाच्या वजनाप्रमाणे मर्यादा असते. एका दिवसात जितके जास्त ग्राफ्ट, तितका जास्त वेळ आणि तितकं जास्त औषध. म्हणून साधारण अडीच-तीन हजारांवर एका दिवसाचं काम थांबवतात. "एकाच बैठकीत सगळं डोकं" ही सवलत नाही, ती धोक्याची घंटा आहे.

नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये नियमावली काढून सांगितलं की हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी किंवा त्यात प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञांनी करावं. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं पुरेसं नाही. देशाच्या वैद्यकीय आयोगाला यूट्यूबचं नाव घेऊन बजावावं लागलं, यातच काय ते समजा.

जीएसटीचा कायदाही बोलका आहे. दवाखान्याच्या उपचारांना सूट देताना २०१७ पासूनच त्यात लिहिलं आहे की जन्मजात दोष किंवा अपघात वगैरे कारण नसेल तर हेअर ट्रान्सप्लांटला ही सूट नाही. म्हणजे सरकारच्या हिशोबी ती आरोग्यसेवा नाही, हौस आहे. हौसेला माझा विरोध नाही. पण हौसेसाठी कर्ज काढायचं नसतं. हप्त्यांवर केस लावणाऱ्याने निदान एवढं पाहावं की आधी काय संपेल, हप्ते की केस.

तरी जायचंच ठरलं तर कागद-पेन घेऊन जा आणि हे विचारा. ग्राफ्ट काढणार कोण, डॉक्टर की मदतनीस? डॉक्टरांची पदवी कोणती, नोंदणी क्रमांक काय? मागे एकूण किती ग्राफ्ट आहेत, आज किती काढणार, पुढच्यासाठी किती शिल्लक? अचानक प्रकृती बिघडली तर सोय काय? माझ्या मुलाच्याच वयाच्या, त्याच्याइतकंच टक्कल असलेल्या, साध्या नोकरी-धंद्यातल्या माणसाचा वर्षभरानंतरचा फोटो आहे का, ओले केस असताना काढलेला? नटाचा फोटो पुढे केला तर नमस्कार करून उठा. आणि हेही लक्षात ठेवा: लावलेले केस पहिल्या महिनाभरात बहुतेक गळून पडतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि खरं रूप दिसायला वर्ष लागतं. लग्नाच्या दोन महिने आधी करणाऱ्याचा मुलगा बोहल्यावर आधीपेक्षाही विरळ दिसेल.

माझ्या नात्यातल्या एका मुलाने मला सुनावलं, "मावशी, तुम्हाला काय जातंय बोलायला? मेळाव्यात नंबर पुकारला, मी स्टेजवर गेलो आणि पुढच्या रांगेतल्या दोघी हसल्या." त्याचं दुःख खरं आहे, त्याला मी उपदेश करणार नाही. आपले साधू-साध्वी हाताने केशलोच करतात, पण ते उदाहरण या मुलांच्या तोंडावर फेकणंही मला पटत नाही. त्यांनी केस स्वतः सोडले, याचे गेले. त्याग आणि नुकसान एका खात्यात लिहायचे नसतात. मला एवढंच दिसतं की आदिनाथ भगवानांची मूर्ती खांद्यावर रुळणाऱ्या बटांवरून ओळखतात आणि महावीर स्वामींनी पंचमुष्टी लोच केला. दोघांपुढे आपण सारखेच हात जोडतो. मग परिचय मेळाव्यात मात्र आपली मान डोक्यावरच्या केसांपाशीच का अडते?

या क्लिनिकांचं गिऱ्हाईक कोण तयार करतं? "मुलगा छान आहे हो, पण..." म्हणून डोक्याकडे बोट नेणाऱ्या आपणच. अनुपम खेर यांनी १९८४ च्या 'सारांश'मध्ये वयाच्या तिशीच्या आत, टक्कल असलेल्या डोक्यानिशी निवृत्त मराठी मास्तर उभा केला आणि त्यावर पुढची सगळी कारकीर्द उभारली. पडद्यावरच्या माणसाचंही केसांवाचून अडलं नाही, आणि आपल्याला जावई हिशोब, शील, निर्व्यसन सगळं असूनही केसांसकट हवा!

तेव्हा मुलींच्या आयांना माझं सांगणं आहे: यंदाच्या मेळाव्यात "पण" म्हणणं बंद करा. मुलांच्या आयांना: टोपी घातलेला फोटो बायोडाटावर लावू नका, आहे तसा लावा. आणि मुलांनो, करायचंच असेल तर तिशी येऊ द्या, स्वतःच्या कमाईतून करा, मागे किती शिल्लक राहील ते लिहून घ्या. पाहुण्यांच्या भीतीने आणि नटाच्या फोटोवर विसंबून मात्र आपलं डोकं कोणाच्या हातात देऊ नका.