कासवाला हात लावू नका!

शुक्रवारी रात्री मामांचा फोन आला. आमच्या घरात 'कॉम्प्युटर' या विषयावरचे सगळे फोन मलाच येतात. माझं शिक्षण मास कॉमचं आहे, हे मी कित्येक वर्षं सांगतेय. "अगं, तेच ते. मास कॉम्प्युटर ना?" इति मामा.

मामांचं वाईत छोटंसं डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, पावतीपुस्तकं, कृष्णाबाईच्या उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका. २००३ पासून हे सगळं विंडोज एक्सपीच्या एकाच पीसीवर चाललेलं. तो पीसी गुरुवारी गेला. आणि सोमवारी एक लग्नपत्रिका छापायला जायची होती!

नवा पीसी घ्या, फाइल्स कॉपी करा, विषय संपला. असं मलाही वाटलं होतं. पण मामांच्या फाइल्स युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या. नव्या मशीनवर उघडल्या की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि टक्क्यांची खिचडी दिसते. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. वाईजवळच मेणवली आहे, 'स्वदेस'चं शूटिंग झालं ते गाव. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे आणि त्यांचे कागद मेणवली दफ्तर म्हणून प्रसिद्ध आहेत. ते मोडीत आहेत. कागद शाबूत, पण वाचणारा हवा. मामांच्या वीस वर्षांच्या दफ्तराचं नेमकं तेच झालं होतं.

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. प्लॅन सिंपल होता. मामांनी सेकंडहँड पीसी आणला होता, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, त्यावर विंडोज ११. त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं, म्हणजे पीसीच्या पोटात दुसरा खोटा पीसी, आणि त्या खोट्या पीसीत एक्सपी. तुमच्या ऑफिसचे सर्व्हर बहुतेक असेच असतात, एका खऱ्या मशीनच्या पोटात डझनभर खोटी.

पहिल्याच क्लिकला एरर. प्रोसेसरचा व्हर्च्युअलायझेशन सपोर्ट बंद आहे म्हणे.

इथे थोडं थांबू या, कारण खरी गंमत इथेच आहे. प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या चार पायऱ्या असतात, शून्य ते तीन. विंडोज शून्यावर बसतं, तुमचं वर्ड-एक्सेल तीनवर. पोटातल्या एक्सपीलाही वाटतं की शून्याची गादी आपलीच. एका गादीवर दोन राजे कसे बसवणार? पाहुण्याने अधिकाराबाहेरचं काही केलं की प्रोसेसरने ओरडायला हवं, म्हणजे यजमान सावरून घेईल. पण २००० साली दोन संशोधकांनी पेंटियमच्या सगळ्या सूचना तपासल्या, तेव्हा १७ सूचना गपचूप भलतंच करणाऱ्या निघाल्या. ओरडतच नव्हत्या! व्हीएमवेअरने १९९९ पासून यावर सॉफ्टवेअरची कसरत केली, अशा सूचना चालता चालता बदलून टाकायची. मग नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली. पाहुण्याला त्याची स्वतःची शून्य पायरी, आणि यजमान तिच्याही खाली तळघरात. पाहुणा गडबड करतोय असं दिसलं की प्रोसेसर स्वतःच कारभार यजमानाकडे देतो. व्हर्च्युअलबॉक्सने तर २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून जुनी कसरत सोडूनच दिली. सपोर्ट नाही, तर चालणार नाही.

मामांच्या प्रोसेसरमध्ये सोय होती, फक्त बायोसमध्ये कुणीतरी ती बंद ठेवलेली. चालू केली. एक्सपीचं ते हिरवं कुरण स्क्रीनवर आलं, तेव्हा मामांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण त्याच वेळी विंडोज सिक्युरिटीने सुचवलं की 'मेमरी इंटिग्रिटी' चालू करा. केलं, रीस्टार्ट केलं, आणि एक्सपीच्या खिडकीखाली हिरवं कासव आलं. शपथ, खरंखुरं कासवाचं चित्र! आणि एक्सपीसुद्धा त्याच चालीने चालायला लागला.

झालं असं की मेमरी इंटिग्रिटीलाही तेच तळघर लागतं. विंडोज स्वतःच्या खाली एक पहारेकरी बसवतं. कुठलाही ड्रायव्हर गाभ्यात शिरण्याआधी त्याची तपासणी वेगळ्या, कुलूपबंद खोलीत होते. मेमरीच्या पानावर एक तर लिहिता येतं किंवा ते चालवता येतं, दोन्ही एकदम नाही. म्हणजे व्हायरसने एखाद्या पानावर आपलं काही खरडलं, तरी ते पान चालत नाही. हीच कल्पना जरा साध्या रूपात २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये आली होती. २००३ च्या ब्लास्टर वर्मने साठ सेकंदांत पीसी बंद पडायचे, आठवतंय? पण आता पहारेकरी आधीच तळघरात बसल्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या परवानगीने काम करावं लागतं. म्हणून कासव.

शेजारच्या दुकानातला मुलगा आला. "ते टॉगल ऑफ करा ना मॅडम, सगळे करतात." खोटं नाही. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच गेम खेळणाऱ्यांना सांगितलं होतं की हवं तर बंद करा, पण खेळ झाल्यावर परत चालू करा. मामा माझ्याकडे बघायला लागले. पत्रिका सोमवारी, आणि पान उघडायला अर्धा मिनिट.

मी दुकान बघत होते. सकाळपासून नऊ पेनड्राइव्ह या पीसीत जाऊन आले होते. कुणाच्या सातबाऱ्याची प्रिंट, कुणाचा बायोडेटा. याच पीसीवर मामा जीएसटी भरतात, नेट बँकिंग करतात, मामींच्या एफडीसकट. पोटातल्या एक्सपीला तर ८ एप्रिल २०१४ नंतर नेहमीचे सिक्युरिटी अपडेट्सच नाहीत. त्याचं नेटवर्क मी तोडलंच होतं. पण यजमानाच्या घराचं दार उघडं टाकायचं?

मुलाचा पुढचा मुद्दा जास्त बरोबर होता. "मॅडम, प्रोसेसरच फुटतात की. मेल्टडाउन, स्पेक्टर?" हो. जानेवारी २०१८ मध्ये ते उघड झालं. त्याच ऑगस्टमध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधली अशी खोट बाहेर आली की पोटातला पाहुणा भिंतीपलीकडची मेमरी वाचू शकेल. भिंतीला तडे असतात, ते बुजवावे लागतात, अपडेट्स त्यासाठीच. पण तडा आहे म्हणून भिंत पाडत नाही कुणी, निदान वाईत तरी नाही.

"मामा, कासव राहू दे," मी म्हटलं.

मामांनी चष्मा वर केला. "देवळात शिरताना आधी कासवालाच नमस्कार करतो आपण. राहू दे."

पत्रिका रविवारी रात्री साडेअकराला झाली. मुलीच्या आत्याचं नाव दोनदा बदललं, त्यात कासवाचा काहीच दोष नव्हता. सोमवारी मामांचा मेसेज आला. छापलेल्या पत्रिकेचा फोटो, आणि खाली: "कासव पोचलं. आता प्रिंटरचं बघ."