पदवी कोणाच्या उपयोगी पडते?

रसायनशास्त्र शिकलेल्या मुलाने सरकारी नोकरी धरली, की लोक म्हणतात, "हुशारी वाया गेली!" मला हे पटत नाही. का, ते सांगण्यासाठी फिलिपाइन्सच्या मारिया ओरोसा यांची गोष्ट पुरेशी आहे.

मारिया अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात औषधी रसायनशास्त्र शिकल्या. खर्च भागवण्यासाठी सुट्टीत त्यांनी अलास्कातील मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत काम केले. पुढे अमेरिकेतच सरकारी रसायनज्ञाची जागा मिळत होती. ती सोडून त्या १९२२ मध्ये मायदेशी परतल्या आणि तेथील सरकारी विज्ञानसंस्थेत काम करू लागल्या.

देशात फळफळावळ मुबलक. पण डबाबंद खाद्यपदार्थ परदेशातून येत. टोमॅटो पुरेसे नव्हते, केळी मात्र भरपूर! मारियाबाईंनी केळी, साखर, व्हिनेगर आणि मसाले यांपासून केचप तयार केले. वीज नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी मातीच्या मडक्याची भट्टी बनवली.

आज त्यांचे नाव केचपमुळे घेतले जाते. माझ्या मते त्यांचे मोठे काम कोंड्याचे आहे. तांदूळ पॉलिश करताना ब-१ जीवनसत्त्वाचा बराचसा भाग कोंड्याबरोबर निघून जातो. त्याच्या अभावाने बेरीबेरी हा रोग होतो. मारियाबाईंनी याच कोंड्याची बिस्किटे केली. दुसऱ्या महायुद्धात ही बिस्किटे आणि सोयाबीनची पौष्टिक पूड पोकळ बांबूंत लपवून मनिलाच्या सांतो तोमास छावणीतील उपाशी कैद्यांपर्यंत पोहोचवली गेली. मनिलाच्या लढाईत शहर सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी तोफगोळ्याच्या तुकड्याने त्यांचा अंत झाला.

आता विचार करा. केचप कोणताही कारखानदार काढील, कारण त्यात नफा आहे. पण ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याच्यासाठी कोंड्याचे बिस्किट कोण करणार? ते काम सार्वजनिक सेवेतल्या शास्त्रज्ञाचेच. सरकारी कचेरीत दिरंगाई असते, हे मी नाकारत नाही. पण म्हणून हुशार मुलांनी तिकडे पाठ फिरवली, तर ती कमी कशी होणार?

शिक्षकांना एक विनंती. "मोठेपणी कोण होणार?" असे विचारण्याऐवजी वर्गात एकदा विचारून पाहा, "आपल्या गावात काय वाया जाते, आणि ते कोणाच्या पोटात जायला हवे?" मारियाबाईंच्या साऱ्या कामाची सुरुवात याच प्रश्नात आहे.