केरसुणीची पूजा झाल्यावर

वर्षभर एकच गोष्ट डाचत राहिली. पुण्यातल्या शिकल्यासवरल्या सोसायट्यांमध्ये रोज सकाळी खरकटं, कागद, वापरलेले डायपर आणि फुटलेली काच एकाच पिशवीत कोंबून, वर गाठ मारून दाराबाहेर ठेवतात. ती गाठ सोडायला एक बाई येते आणि उघड्या हातांनी आपली घाण निवडते. राजकारण, पाऊसपाणी, साहित्यातल्या घडामोडी यांची दखल या दिवाळी अंकातल्या लेखांनी घेतली आहेच. इथे या पिशवीबद्दलच बोलायचं आहे.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली स्थापन झाली. कचराकुंड्यांतून भंगार वेचून पोट भरणाऱ्या कष्टकऱ्यांची ही संघटना, आणि त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला आणि उकिरडे धुंडाळणाऱ्या बायका ढकलगाडी घेऊन आपल्या दारात आल्या. पुण्याने अभिमान धरावा अशा फार थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे.

घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे, यांवर त्यांचं घर चालतं. आमटीत भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, घेतलाच तर भाव पाडून घेतो. म्हणजे सगळं एकत्र टाकणारा माणूस तिच्या रोजच्या कमाईतूनच कापून घेत असतो. ‘आम्ही पैसे देतो ना’ हे उत्तर मी यंदा अनेकदा ऐकलं आणि दरवेळी संताप आला. ते पैसे कचरा नेण्याचे आहेत. काचेने बोटं कापून घेण्याचे नाहीत.

कायदाही तिच्याच बाजूने आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायचे, हेही त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. तरीही सगळं एकत्रच टाकलं तर काय होतं, ते पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या शिवारात पडला, त्यातून झिरपलेल्या पाण्याने विहिरी नासल्या. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराचं लक्ष गेलं. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेवाचून कुजतो आणि मिथेन हा पेट घेणारा वायू सोडतो. 2016 च्या जानेवारीत मुंबईत देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा आसपासच्या वस्त्या कित्येक दिवस धुरात होत्या.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. जिच्या हातांवर शहराची स्वच्छता चालते, तिला मात्र आपण पाणीसुद्धा विचारत नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं निम्मं घर बाहेर पडेल, फराळाचा आणि फटाक्यांचा कचरा त्यात मिसळेल. वाचकहो, तेवढे चार दिवस तरी ओलं-सुकं वेगळं ठेवा. फुटकी काच जाड कागदात बांधा, पॅडच्या पुडीवर लाल खूण करा. शुल्क थकलं असेल तर पाडव्याच्या आत चुकतं करा, वर दिवाळीही द्या. आणि हा अंक वाचून, चार घरी फिरवून झाला की कोरडाच तिच्या हाती द्या. कोरड्या रद्दीला भाव मिळतो.