नुसते ‘यीस्ट’ म्हणून भागत नाही

किल्लारीचा अत्यवस्थ रुग्ण लातूरला हलवला जातो. अतिदक्षता विभागात ताप उतरेना, की रक्त कल्चरला जाते आणि कधी कधी अहवालात एवढेच येते: ‘यीस्ट आढळले’. यावर औषध कसे ठरावे? कँडिडा अल्बिकन्सवर फ्लुकोनॅझोल बहुधा चालते, क्रुसायवर मुळातच नाही.

पहिली चाचणी स्वस्त आहे. अर्धा मिली सीरममध्ये थोडे यीस्ट मिसळून ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवायचे. पेशींना कोंब फुटले, तर बहुधा अल्बिकन्स. क्रोम अगारवर तो हिरवा उगवतो, ट्रॉपिकॅलिस निळा. महागडे यंत्र लागत नाही. शिकलेला तंत्रज्ञ मात्र लागतो, आणि नेमकी तीच जागा रिकामी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे.

कँडिडा ऑरिस यातून ओळखू येत नाही. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातून हे यीस्ट प्रथम नोंदले गेले. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पसरणारे आणि अनेकदा औषधांना न जुमानणारे हे यीस्ट नेहमीच्या स्वयंचलित यंत्रांतही भलत्याच नावाने नोंदले जात होते. मॅल्डी-टॉफ यंत्र प्रथिनांवरून ते ओळखते. त्याच्या संग्रहात ऑरिसची नोंद मात्र हवी. असे यंत्र प्रत्येक तालुक्यात नको, पण तिथवर नमुना रोज पोचवणारी गाडी हवी. तोवर डॉक्टरांनी प्रयोगशाळेकडे प्रजातीचे नाव मागत राहावे.