बेडकाला भरवताना

न्यू जर्सीत लेकीकडे राहायला गेलेल्या माझ्या एका जुन्या रुग्णाने, वय वर्षे ७२, परवा फोनवर विचारले, "डॉक्टर, नातवाच्या फिशटँकमधला इवला आफ्रिकी बेडूक रोडावत चालला आहे. मासे त्याचा घास पळवतात. हाताने भरवू का?"

वाचकहो, या बेडकाची दृष्टी मंद. तो वासावरून अन्न शोधतो. तोवर मासे सारे फस्त करतात. म्हणून माशांना आधी एका कोपऱ्यात खाद्य द्यावे. मग ब्लडवर्म नावाच्या गोठवलेल्या लाल अळ्या, बर्फ उतरल्यावर, लांब चिमट्याने बेडकाच्या तोंडाजवळ धराव्यात. उरलेले काढून टाकावे.

हात मात्र पाण्यात घालू नये. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात अशा बेडकांशी निगडित साल्मोनेलाच्या साथीत ३७६ रुग्ण आढळले; त्यांत लहान मुले बरीच होती. निरोगी दिसणाऱ्या बेडकाच्या पाण्यातही हे जंतू असू शकतात. पासष्टीपुढे हा संसर्ग जड जातो. आजोबा तर संधिवातासाठी स्टिरॉइड घेतात.

त्यांना सांगितले, "चिमट्याने खुशाल भरवा, लगेच साबणाने हात धुवा. पाणी बदलण्याचे काम जावईबापूंकडे द्या. ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. ताप-जुलाब झाल्यास तिथल्या डॉक्टरांना औषधांबरोबर बेडकाविषयीही आवर्जून सांगा."