बाकावरची नावे आणि आपण

एप्रिलअखेर इथल्या बोल्स क्लबांचा हंगाम सुरू होतो. पहिल्या सामन्यापूर्वी आमच्या क्लबात हिवाळ्यात निवर्तलेल्या सभासदांची नावे वाचली जातात आणि सर्व जण एक मिनिट स्तब्ध उभे राहतात. निवृत्तीनंतर या खेळाकडे वळलेली आम्ही काही मराठी कुटुंबेही त्यात असतो. अलीकडे नावांची यादी लांबत चालली आहे आणि नवे सभासद मात्र बोटांवर मोजण्याइतकेच येतात.

आम्ही प्रथम गेलो तेव्हा हा म्हाताऱ्यांचा गोट्यांचा खेळ आहे अशी आमची समजूत होती. एका निवृत्त पोस्टमन गृहस्थांनी कपाट उघडले, आमच्या हाताच्या मापाचे बोल निवडून दिले आणि सांगितले, हा चेंडू सरळ जातच नाही. त्याची एक बाजू किंचित वेगळी घडवलेली असते, त्यामुळे वेग कमी झाला की तो वळतो. जॅक नावाच्या छोट्या चेंडूवर नेम न धरता, वळण धरून बाजूला टाकायचा. हे शिकवायला त्यांनी कितीतरी संध्याकाळी दिल्या. सामन्यांचे वेळापत्रक आणि चहाच्या पाळ्या सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. आमची आडनावे त्यांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आली नाहीत, पण फलकावर ती कधी चुकीची लिहिली गेली नाहीत. आज दोघेही हयात नाहीत.

या खेळाची सारी उभारणीच अशा हौशी माणसांनी केली आहे. ग्लासगोचे वकील मिचेल यांनी १८४९ च्या सुमारास नियमांना शिस्त लावली. क्रिकेटचे डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस १९०३ साली स्थापन झालेल्या इंग्लिश बोलिंग असोसिएशनचे पहिले अध्यक्ष होते, हे आपल्यातल्या क्रिकेटवेड्यांनाही क्वचितच ठाऊक असते. ही झाली मोठी नावे. पण हिरवळ राखली ती गावोगावच्या अनाम मंडळींनी. उन्हाळ्यात गवत जेमतेम काही मिलिमीटर उंच ठेवायचे, सप्टेंबरअखेर मैदान बंद झाले की मेलेले गवत खरवडून काढायचे, जमिनीला भोके पाडायची आणि वाळूमिश्रित माती पसरायची. एक शरद ऋतू ही कामे चुकली, तर पुढच्या वर्षी चेंडू धड चालत नाही.

कोणी कार्यकर्ता गेला की वर्गणी काढून त्याच्या नावाचा बाक किंवा चषक ठेवतात. आम्हीही पैसे देतो, आणि ते योग्यच आहे. घरच्यांना त्या बाकावर टेकून बरे वाटते. परंतु एवढ्यावर आपली जबाबदारी संपली असे मानणे आम्हाला पटत नाही. त्या गृहस्थांच्या नावाचा बाक झाला, पण त्यांची गवत कापण्याची पाळी कित्येक आठवडे कोणीच घेतली नाही. त्या यादीसमोरून आम्हीही मान खाली घालून गेलो, हे कबूल केले पाहिजे. परक्या देशात ज्यांनी आपल्याला आपलेसे केले, त्यांचे ऋण केवळ चेक फाडून फिटत नाही.

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून बोल्समधले भारताचे पहिले पदक, तेही सुवर्ण, मिळवले. आपल्या घराघरांत पेढे वाटले गेले. त्या उत्साहातून किती जण आपल्या गावच्या क्लबात झाडू धरायला गेले?

आमची सूचना साधी आहे. मैदानाची शरदातली कामे निघतात, त्याच सुमारास आपला पितृपक्ष असतो. ज्या दिवशी आपण घरी पान वाढतो, त्या आठवड्यातला एक शनिवार क्लबाला द्यावा. मुलांना, नातवंडांना बरोबर न्यावे. जे जुने कार्यकर्ते अजून आहेत, त्यांना कामाची रीत विचारून वहीत उतरवून घ्यावी, कारण ती बहुधा त्यांच्या डोक्यातच असते. आणि पाळीच्या यादीत निदान एका रिकाम्या जागी आपले आडनाव लिहावे. ते बरोबर लिहायला शिकलेल्या बाईंचे यापेक्षा चांगले स्मारक आम्हाला सुचत नाही.

वाचकांनी आपले मत अवश्य कळवावे. शनिवारी प्रत्यक्ष भेटून सांगितले तर अधिक आनंद होईल.